अर्ध्या तासाची तपासणी

मुलाला खाटेवर आडवं करायचं. कानशिलाजवळ थोडं जेल लावून सोनोग्राफीचा छोटा प्रोब तिथे टेकवायचा. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत रक्त किती वेगाने धावतंय ते पडद्यावर दिसू लागतं. सुई नाही, भूल नाही, दुखणं नाही. अर्ध्या तासात मूल उठून खेळायला मोकळं. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरला, तर त्या मुलाला पक्षाघाताचा झटका येण्याचा धोका मोठा आहे असं समजायचं. या तपासणीचं नाव ट्रान्सक्रेनियल डॉपलर. सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजाराचा गंभीर प्रकार असलेल्या दोन ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाची ती वर्षातून एकदा व्हावी, अशी अमेरिकेतल्या तज्ज्ञांची शिफारस आहे.

धोका दिसला तर पुढे काय करायचं, याचं उत्तर १९९८ पासून हाताशी आहे. जॉर्जियातले मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा धोका दिसलेल्या १३० मुलांचा अभ्यास केला. काहींना नियमित रक्त चढवलं, काहींचे नेहमीचेच उपचार चालू ठेवले. नेहमीच्या उपचारांच्या गटात अकरा मुलांना झटका आला, रक्त चढवलेल्या गटात एकाला. फरक इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. उपाय सापडलेला असताना निम्म्या मुलांना त्यापासून दूर ठेवणं आता योग्य नव्हतं.

त्यानंतर जवळपास पाव शतकाने, २०२२ मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मेडिकेड योजनेतल्या सिकलसेलच्या मुलांची आकडेवारी प्रसिद्ध केली. मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी केंद्र आणि राज्यं मिळून चालवतात ती आरोग्य विमा योजना. २०१९ या वर्षात दोन ते नऊ वयोगटातल्या ४७ टक्के आणि दहा ते सोळा वयोगटातल्या ३८ टक्के मुलांचीच ही तपासणी झाली होती. निम्म्याहून जास्त मुलं राहून गेली होती, आणि ही मुलं बहुतांश कृष्णवर्णीय होती.

अपंगत्व आणि आरोग्यसेवा हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या मनात एक क्रम ठरलेला असतो. आधी अपंगत्व आलं, मग त्या माणसासाठी दवाखान्यात रॅम्प आहे का, तपासणीचं टेबल खाली येतं का, खुणांची भाषा जाणणारं कुणी आहे का, हे प्रश्न येतात. ते प्रश्न खरेच आहेत. पण सिकलसेलच्या बाबतीत क्रम अनेकदा उलटा असतो. सेवा पोहोचली नाही, म्हणून अपंगत्व आलं. आणि सेवा कुणापर्यंत पोहोचली नाही हे पाहायला गेलं, तर उत्तर त्वचेच्या रंगाशी येऊन थांबतं.

आजार मुळात असा. लाल रक्तपेशीतल्या हिमोग्लोबिन या प्रथिनात एका ठिकाणी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, एवढाच दोष. पण त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अडथळ्याच्या पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथे असह्य वेदना सुरू होतात. हे वर्षानुवर्षं चाललं की खुब्याचं हाड झिजतं, मूत्रपिंडं आणि डोळ्यांचा पडदा खराब होतो, फुप्फुसं कमजोर होतात. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो आणि बहुतेकदा आयुष्यभर ठणठणीत राहतो. वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. म्हणून जिथे जिथे शतकानुशतकं मलेरिया होता, त्या आफ्रिकेत, भूमध्य समुद्राकाठी, अरबस्तानात आणि मध्य भारतात हा दोष टिकून राहिला. गुलामांच्या जहाजांतून तो अमेरिकेत गेला. आज अमेरिकेत सुमारे एक लाख लोकांना सिकलसेल आहे आणि त्यांतले दहापैकी नऊ जण कृष्णवर्णीय आहेत.

वैद्यकीय साहित्यात या आजाराची पहिली नोंद एका परक्या मुलखातल्या विद्यार्थ्यामुळे झाली. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरचा तरुण दंतवैद्यक शिकायला शिकागोला आला आणि १९०४ च्या हिवाळ्यात आजारी पडून रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तातल्या विचित्र लांबट पेशी अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यावर लेख लिहिला. नोएल शिक्षण पुरं करून मायदेशी गेला, तिथे दातांचा दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारला. पुढे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हा रेणूच्या पातळीवरचा आजार आहे. एखाद्या रोगाचं मूळ एका रेणूत सापडण्याची वैद्यकाच्या इतिहासातली ती पहिली वेळ होती. म्हणजे विज्ञानाने या आजारावर नाव कमावलं. रुग्णांच्या वाट्याला मात्र पुढची कित्येक दशकं फारसं काही आलं नाही.

त्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला तो नागरी हक्कांच्या चळवळीने. ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या मोफत दवाखान्यांतून सिकलसेलची तपासणी सुरू केली. सरकारने करायला हवं ते काम वस्तीतली माणसं करून दाखवत होती. १९७२ च्या मे महिन्यात अध्यक्ष निक्सन यांनी सिकलसेल नियंत्रण कायद्यावर सही केली आणि या आजारासाठी केंद्राच्या पैशाची तरतूद झाली. पण घाई आणि अज्ञान यांची सांगड बसली. अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सक्तीची तपासणी आणली. समुपदेशन जवळपास नव्हतंच, आणि वाहक कोण व रुग्ण कोण यातला भेद कायदे करणाऱ्यांनाही नीट उमगलेला नव्हता. निरोगी वाहकांना नोकरीत आणि विम्यात अडचणी येऊ लागल्या. अमेरिकी हवाई दलाच्या प्रबोधिनीने १९८१ पर्यंत वाहक तरुणांना प्रवेश दिला नाही. त्याच १९७२ च्या जुलैमध्ये टस्कीगीचं प्रकरण उघडकीस आलं. अलाबामातल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिस असताना सरकारी आरोग्यसेवेने चाळीस वर्षं उपचाराविना ठेवून त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं होतं. एकाच उन्हाळ्यात सरकार म्हणत होतं की तुमचं रक्त तपासू द्या, आणि वर्तमानपत्रं सांगत होती की आधी तपासलं होतं तेव्हा काय झालं. आज एखादी आई डॉक्टरांसमोर साशंक दिसते, तेव्हा तिला अडाणी ठरवण्याआधी हा इतिहास आठवायला हवा.

पुढे एक फार मोठं यशही मिळालं. १९८६ मध्ये डॉ. मेरिलिन ह्यूज गॅस्टन यांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासाने सिद्ध केलं की सिकलसेलच्या तान्ह्या मुलांना रोज पेनिसिलिन दिलं तर जीवघेणा जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो. त्यासाठी आजार जन्मतःच कळायला हवा. त्यामुळे नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन जी चाचणी होते, तिच्यात सिकलसेलचा समावेश होत गेला, आणि २००६ पर्यंत देशातली सगळी राज्यं त्यात आली. ही चाचणी वंश पाहून होत नाही. जन्मलेल्या प्रत्येक बाळाची होते. मराठी आईबाप अमेरिकेत असले तर त्यांच्या बाळाचीही होते.

टाचेच्या चाचणीला जे जमलं ते कानशिलाच्या तपासणीला का जमलं नाही, यात मला या सगळ्या प्रश्नाचं मर्म दिसतं. टाचेची चाचणी व्यवस्था स्वतः करते. बाळ जन्माला आलं, नर्सने थेंब घेतला, प्रयोगशाळेत गेला. आईबापांना काही मागावं लागत नाही, कुणाचं मन वळवावं लागत नाही. डॉपलरसाठी मात्र आधी मुलांच्या डॉक्टरला त्याची आठवण हवी, मग मोठ्या शहरातल्या रक्तविकार केंद्राची वेळ मिळायला हवी. तिथवर जायला गाडी हवी. तासावर पगार मिळणाऱ्या आईने एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायला हवं, आणि त्या दिवशी विम्याचं नूतनीकरण राहून गेलेलं नसावं. यातली एक कडी सुटली की वर्ष हुकतं. दक्षिणेतल्या छोट्या गावांत, जिथे गरीब कृष्णवर्णीय कुटुंबं जास्त आहेत, तिथे कड्या जास्त सुटतात. जी सेवा कुटुंबाच्या धावपळीवर सोडलेली असते, ती धावपळ परवडणाऱ्यांनाच मिळते.

हुकलेल्या वर्षांची किंमत सगळ्यांत आधी शाळेत दिसते. ठळक झटका आला तर निदान कळतं तरी. चेहरा वाकडा होतो, हात उचलत नाही. पण सिकलसेलच्या दर तीन मुलांमागे जवळपास एकाच्या मेंदूला वयात येईपर्यंत असे छोटे घाव झालेले असतात, ज्यांची बाहेरून काहीच खूण नसते. ते एमआरआयमध्येच दिसतात. डॉपलरलाही ते सगळे पकडता येत नाहीत. अशा मुलाचं लक्ष टिकत नाही, सांगितलेलं तो विसरतो, गणिताच्या पायऱ्या त्याच्या डोक्यात राहत नाहीत. त्यात वेदनेमुळे वारंवार गैरहजेरी. शिक्षकाला दिसतो एक आळशी, बेपर्वा कृष्णवर्णीय मुलगा, कारण तसं चित्र त्याच्या मनात आधीपासून असू शकतं. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ प्रमाणे या मुलाला शाळेत सवलती मागता येतात. जवळ पाण्याची बाटली ठेवणं, हवं तेव्हा स्वच्छतागृहात जाणं, परीक्षेला जादा वेळ. पण त्या मागायला आधी कुणीतरी ओळखावं लागतं की हे वागणं नाही, ही मेंदूला झालेली इजा आहे.

मोठ्या रुग्णाची झुंज इमर्जन्सी विभागाच्या दारात असते. सिकलसेलची वेदना कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. तिचा एकच पुरावा असतो, रुग्णाचा शब्द. तिच्यावरचा उपचार म्हणजे अफूवर्गातली तीव्र वेदनाशामकं. वर्षानुवर्षं ती घेतलेल्या रुग्णाला आपल्याला कोणतं औषध किती मात्रेत लागू पडतं हे तोंडपाठ असतं. मधुमेही माणूस इन्सुलिनचे आकडे सांगतो तेव्हा डॉक्टर त्याला जाणकार म्हणतात. सिकलसेलचा रुग्ण आकडा सांगतो तेव्हा त्याच्याकडे नशेसाठी आलेला माणूस म्हणून पाहिलं जातं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली होती. त्यांतल्या निम्म्या जणांना एक तरी खोटं विधान खरं वाटलं, उदाहरणार्थ कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते. ज्यांचे असे समज होते, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी धरली. ही गोष्ट २०१६ ची आहे.

देशभरातल्या इमर्जन्सी विभागांच्या नोंदींवर आधारलेला २०१३ चा एक अभ्यास मला सगळ्यांत बोलका वाटतो. सिकलसेलचे रुग्ण इतर रुग्णांपेक्षा २५ टक्के जास्त वेळ ताटकळत होते, आणि हा फरक त्यांच्या कृष्णवर्णीय असण्यातून आलेला होता. मग त्यांची तुलना हातापायाचं मोठं हाड मोडलेल्या रुग्णांशी केली, म्हणजे ज्यांचं दुखणं डोळ्यांना दिसतं अशांशी. तिथे ते ५० टक्के जास्त वेळ थांबत होते, आणि वंशाचा परिणाम वजा केल्यावरही हा फरक उरत होता. कृष्णवर्णीय म्हणून एक विलंब, आणि न दिसणाऱ्या दुखण्याचा माणूस म्हणून त्यावर दुसरा.

हे ताटकळणं अमेरिकेच्या २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांशी ताडून पाहावं. रुग्ण आल्यापासून तासाभरात वेदनाशामक मिळावं, असं त्या सांगतात. बाल्टिमोर, क्लीव्हलँड, मिलवॉकी आणि बॅटन रूज या शहरांत सोफी लान्झक्रॉन यांच्या चमूने ते तपासलं. इमर्जन्सी विभागात पहिला डोस मिळायला सरासरी १३२ मिनिटं लागत होती. त्याच शहरांत सिकलसेलसाठी वेगळी दिवसकेंद्रं होती, जिथल्या नर्स रुग्णांना नावाने ओळखतात आणि प्रत्येकाची उपचारयोजना आधीच लिहून ठेवलेली असते. तिथे ६२ मिनिटं लागली. औषध तेच, आजार तोच. फरक फक्त एवढाच की तिथे रुग्णाचं म्हणणं खरं धरून कामाला सुरुवात होते. अशी केंद्रं मोजक्याच शहरांत आहेत.

अठरा-एकोणीस हे वय तर फार धोक्याचं. मुलांच्या रुग्णालयातली ओळखीची टीम सुटते, आणि सिकलसेल जाणणारे मोठ्यांचे डॉक्टर थोडे आहेत. त्याच सुमाराला मुलांसाठीचं मेडिकेड संपतं. मिसिसिपी, अलाबामा, टेक्सास, फ्लोरिडा यांसारख्या ज्या राज्यांनी मेडिकेडचा विस्तार केलेला नाही, तिथे मूलबाळ नसलेल्या प्रौढाला तो कितीही गरीब असला तरी ही योजना सहसा मिळत नाही. अपवाद असतो तो अपंगत्व सिद्ध करणाऱ्याचा. सिद्ध कसं करायचं? सामाजिक सुरक्षा विभागाच्या निकषांतला एक मार्ग असा: बारा महिन्यांत किमान सहा वेळा, दोन वेळांमध्ये तीस दिवसांचं तरी अंतर ठेवून, शिरेतून किंवा स्नायूत अफूवर्गातलं औषध द्यावं लागेल इतक्या वेदनेची नोंद हवी. ज्या इंजेक्शनसाठी इमर्जन्सी विभाग त्याच्यावर संशय घेतो, त्याच इंजेक्शनच्या नोंदी दुसरं कार्यालय पुरावा म्हणून मागतं. अपमान नको म्हणून जो घरीच उशी दाताखाली धरून वेदना काढतो, त्याच्याकडे कागद नसतो. कागद नाही म्हणून अपंगत्व नाही, अपंगत्व नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून पुढचं अपंगत्व टाळणारा उपचार नाही. या आजाराचं स्वरूप समजावून सांगणारी वेगळी सूचना त्या विभागाने २०१७ मध्ये काढली. वाट थोडी रुंद झाली, पण ती कागदांतूनच जाते.

पैशाची बाजूही सांगितली पाहिजे. सिस्टिक फायब्रोसिस हा असाच जन्मजात आणि आयुष्य कमी करणारा आजार आहे. अमेरिकेत त्याचे रुग्ण सिकलसेलच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, आणि बहुतेक गोरे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेनुसार केंद्र सरकारचा संशोधन निधी सिस्टिक फायब्रोसिससाठी दर रुग्णामागे २,८०७ डॉलर होता, सिकलसेलसाठी ८१२. खासगी प्रतिष्ठानांकडून आलेले पैसे अनुक्रमे ७,६९० आणि १०२ डॉलर. खासगी देणगी देणारी माणसं आपल्या ओळखीच्या दुःखाला देतात, हे स्वाभाविक आहे. म्हणूनच ज्या समाजाच्या ओळखीत धनवान कमी, त्याच्या आजारासाठी सरकारने जास्त द्यायला हवं होतं. दिलं कमी.

२०१९ मध्ये मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे यांच्यावर नॅशव्हिलमध्ये जनुक-संपादनाचा उपचार झाला. सिकलसेलवर तो घेणाऱ्या त्या अमेरिकेतल्या पहिल्या रुग्ण. त्यांच्या वेदनेचे झटके थांबले. डिसेंबर २०२३ मध्ये अशा दोन जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. एकाची किंमत २२ लाख डॉलर, दुसऱ्याची ३१ लाख. त्याआधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते, आठवडेच्या आठवडे रुग्णालयात काढावे लागतात आणि अपत्यक्षमता जाण्याची शक्यता असते. निम्म्याहून जास्त रुग्ण मेडिकेडवर आहेत. म्हणून केंद्राने २०२५ पासून नवी योजना आणली, जिच्यात राज्यांच्या वतीने कंपन्यांशी एकत्रित सौदा होतो आणि उपचाराचा गुण आला नाही तर सूट मिळते. अपत्यक्षमता जपण्याच्या खर्चाचाही त्यात समावेश आहे. हे पाऊल मोलाचं आहे. पण ज्याला डॉपलर मिळालं नाही आणि विशीतच पक्षाघात होऊन गेला, त्याच्या मेंदूचा गेलेला भाग जनुक-संपादनाने परत येत नाही.

मग श्रीमंत देशाला न जमलेलं दुसरीकडे जमतं का? उत्तर नायजेरियातल्या कानो आणि कडुना इथून आलं आहे. तिथे दर महिन्याला सुरक्षित रक्त मिळणं कठीण. म्हणून डॉक्टरांनी स्थानिक कर्मचाऱ्यांना डॉपलर करायला शिकवलं, आणि ज्या मुलांना धोका दिसला त्यांना रक्ताऐवजी हायड्रॉक्सियुरिया ही स्वस्त गोळी दिली. कमी मात्रा आणि मध्यम मात्रा असे दोन गट होते. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा दोन्ही गटांत पक्षाघाताचं प्रमाण बरंच कमी राहिलेलं दिसलं.

ही बातमी आपल्याकडे लक्षपूर्वक वाचायला हवी. गडचिरोलीतल्या माडिया आणि गोंड वस्त्यांत, नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा पाड्यांवर, पूर्व विदर्भातल्या अनुसूचित जातींत सिकलसेल घरोघरी माहीत आहे. ए-एस पॅटर्न म्हणजे वाहक, एस-एस पॅटर्न म्हणजे रुग्ण, हे शब्द तिथली अशिक्षित आजीसुद्धा बोलते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या अपंगत्वांत सिकलसेल धरला आहे, हे अमेरिकेच्या कायद्यापेक्षा स्पष्ट शब्दांत झालेलं काम. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट, आणि तपासलेल्याला कार्ड मिळतं. भारतातला सिकलसेल सरासरीने आफ्रिकी प्रकारापेक्षा सौम्य मानला जातो, पण त्यातही तीव्र आजार असलेली मुलं कमी नाहीत. अमेरिकेत १९७२ नंतर जे घडलं, ते नुसतं तपासून सोडून दिल्यामुळे घडलं होतं. भामरागड किंवा धडगावच्या ज्या पोरीच्या कार्डावर एस-एस लिहिलं आहे, तिला पाच वर्षांची होईपर्यंत रोज पेनिसिलिन लागेल, वजनाप्रमाणे हायड्रॉक्सियुरिया लागेल, आणि तालुक्याच्या रुग्णालयात डॉपलरचा प्रोब हाताळायला शिकलेलं एक माणूस लागेल.